पातळ ऑइलचा आळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पेट्रोलवर चालणारी बाहेरकामाची यंत्रे दुरुस्त करणे, म्हणजे गवत कापायची यंत्रे, साखळी करवती, पाण्याचे पंप आणि जनरेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. तेवढी छाती आमच्या घरात कोणाची नाही. याआधी मी काही लिहून ठेवल्याचा कागद कोणी पुढे केलाच, तर तो माझा समजू नये. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याच डॉक्टरांनी गेल्या वर्षी टू-स्ट्रोक करवतीत ऑइल न मिसळता नुसते पेट्रोल ओतले आणि वर मलाच विचारले, "अशी कशी बंद पडली हो?" टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळून द्याल तेवढेच त्याच्या पोटात जाते, हे टाकीच्या झाकणावर चित्र काढून दाखवलेले असते. तेव्हा त्यांच्या दाखल्याला किती मान द्यायचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

हा कागद खरे तर एकाच कलमासाठी आहे. ते कलम माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. बावीस वर्षांपूर्वी मी तिला चारचौघांत दुकानातून काढले, खोटा आळ घालून काढले, आणि तेव्हापासून आमचे बोलणे नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, महत्त्वाचं आधी लिहा, बाकीचं मागाहून." मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा पान्यांची यादी करून उठले. म्हणून आता सोप्याकडून अवघडाकडे जाते. इंजिन उघडतानाही तसेच जातात.

कलम पहिले. दुकानामागच्या दोन खोल्या आणि बँकेतील शिल्लक माझ्या पुतणसुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. नवऱ्याला विचारून खर्च करण्याची तिला गरज नाही आणि तिने तशी सवय लावून घेऊ नये. या खानदानात समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारी ती एकटीच आहे, म्हणून तिला.

माझे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले, त्यामुळे त्यांना काही द्यायचे नाही. पण त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. ते पंचवीस वर्षे काउंटरवर होते आणि मी आत. गिऱ्हाईक बाईच्या तोंडून इंजिनाबद्दल ऐकून घेत नसे, म्हणून मी आतून सांगायची, "व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये," आणि ते खाकरून गिऱ्हाइकाला सांगायचे, "व्हॉल्व्हचा प्रॉब्लेम दिसतोय." गिऱ्हाईक मान डोलवायचे. त्यांना व्हॉल्व्ह आणि वॉशर यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. माणूस चांगला होता. नुसत्या चांगुलपणाने नट सुटत नाही, एवढेच.

कलम दुसरे. हत्यारे. पान्यांचे तिन्ही संच, व्हॉल्व्ह काढायचा चिमटा, पुली ओढायचे हत्यार आणि कार्बोरेटर साफ करायच्या तारा सार्वजनिक बागेच्या माळीबुवांना. चाळीस वर्षांत हजारभर गिऱ्हाइके झाली असतील. त्यांपैकी दर पन्नास तासांनी ऑइल बदलणारा हा एकच इसम. यंत्र किती तास चालले ते तो शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. बाकीचे लोक ऑइल कधी बदलले असे विचारले की बायकोकडे बघतात.

हत्यारे कारागिरी शिकवणाऱ्या शाळेला द्यावीत असे काही जणांनी सुचवले. तिथले मास्तर पान्याने खिळा ठोकताना मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. विषय संपला.

कलम तिसरे. ऑइलचे कपाट. त्यात चार खण आहेत आणि प्रत्येकावर मी मोठ्या अक्षरात लिहिले आहे: फोर-स्ट्रोकचे जाड, फोर-स्ट्रोकचे पातळ, पेट्रोलमध्ये मिसळायचे, साखळीवर सोडायचे. चार खण, चार डबे. एवढे समजायला पदवी लागत नाही, पण पदवीवाल्यांनाच ते समजत नाही. एका इंजिनिअर साहेबांनी ट्रकमधून काढलेले काळे ऑइल "अजून बरं आहे" म्हणून जनरेटरमध्ये भरले. जनरेटर चौथ्या दिवशी बसला. साहेब म्हणाले, कंपनीच भिकार. नाचता येईना, अंगण वाकडे. एका खानावळवाल्याने करवतीच्या साखळीला तळणीचे उरलेले तेल घातले होते. करवत सुरू केली की सगळ्या आळीला भूक लागायची. आणि एक सज्जन होते, त्यांनी ऑइल जास्त भरलेले चांगले, इंजिनाला पुढेमागे उपयोगी पडेल, अशा विचाराने गळ्यापर्यंत भरले. पांढरा धूर निघाला तेव्हा त्यांनी आग विझवणाऱ्यांना फोन केला.

कपाटातले डबे वाटून टाकावेत. कोपऱ्यावरच्या सुट्या तेलवाल्याला मात्र रिकामा डबाही देऊ नये. तो एकाच पिंपातून तीन नावांचे ऑइल काढतो. त्याने माझ्या मागे मला पोचवायला यायला हरकत नाही, पण माझ्याबद्दल चांगले बोलू नये. त्याच्या तोंडून आलेल्या चांगल्यात भेसळ असणार.

कलम चौथे. वरच्या कलमांत आणि खालच्या कलमात ज्याची व्यवस्था लावलेली नाही असे जे काही उरेल, ते उरलेसुरले सगळे माझ्या पुतण्याला. याला बाजारात कोणत्याही नावाने ओळखत असोत, मी त्याला एकडब्या म्हणते. त्याचे मोठ्या रस्त्यावर काचेचे दुकान आहे, तिथे तो नवी यंत्रे विकतो आणि प्रत्येकात एकाच डब्यातले ऑइल भरून देतो. मी विचारले तर म्हणाला, "काकू, ऑइल ते ऑइल. वॉरंटीपुरतं चालतंय ना? बास." हे वाक्य त्याने माझ्यासमोर, माझ्या दुकानात, माझा चहा पिता पिता उच्चारले. त्याच्या वाट्याला तुटक्या दोऱ्या, गंजलेली पाती, फुटके फनेल आणि माझी जुनी चप्पल येईल असा माझा अंदाज होता आणि तेवढ्याच हेतूने मी हे कलम घातले होते.

कलम पाचवे. दुकान. आता पळवाट उरली नाही.

आमच्या वडिलांचे पंप दुरुस्तीचे दुकान होते. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी आम्हा दोघींना शिकवले, तेही नाक मुरडत. मी कानाने शिकले. इंजिन सुरू करून द्या, आत काय ठोकते ते मी डोळे मिटून सांगते, आणि आजवर चुकले नाही, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली. धाकटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ती पुस्तकाने शिकली. नव्या यंत्राच्या खोक्यातून ती आधी पुस्तक काढायची, खोक्याच्याच पुठ्ठ्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि मगच यंत्राला हात लावायची. मी म्हणायची, "इंजिन काय परीक्षेला बसणार आहे का?" गिऱ्हाईक हसायचे. ती हसायची नाही. सोळा वर्षे ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करत होती आणि तिच्या हातून गेलेले एकही यंत्र तक्रार घेऊन परत आले नाही. माझ्या हातची यायची. हे मी आज पहिल्यांदा लिहीत आहे.

बावीस वर्षांपूर्वी खेळाच्या मैदानासाठी गवत कापायचे मोठे यंत्र आले. इंजिन नव्या कंपनीचे, आमच्याकडे त्या बनावटीचे पहिलेच. तयार करून द्यायचे काम धाकटीकडे होते. तिने पुस्तक वाचले आणि त्यात टेन-थर्टी भरले, म्हणजे पातळ ऑइल. मी आयुष्यभर जाड ऑइलची माणूस. मी म्हटले, "पाणी भरलंयस त्यात." ती म्हणाली, "ताई, या इंजिनाला हेच सांगितलंय. गार असताना सुरू केलं तरी लगेच सगळीकडे पोचतं." मी नाक वर करून निघून गेले.

ती जेवायला गेल्यावर मी ऑइल मोजायची काडी काढली, फडक्याने पुसली, आत घातली, आटे फिरवून घट्ट बसवली आणि पुन्हा बाहेर काढली. ऑइल खुणेच्या बरेच वर दिसले. हे पुस्तकी शहाणपण, असे म्हणत मी दोन मापे ऑइल खाली काढून टाकले, खुणेबरोबर केले आणि तिला काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काय होते? मी तिची चूक गुपचूप सुधारली होती. मला तर स्वतःचे कौतुकच वाटले.

तिसऱ्या दिवशी प्रेक्षक बसतात त्या उतारावरचे गवत कापताना यंत्र खाडकन थांबले. हातगाडीवर घालून दुकानात आणले. मी इंजिन उघडले. ऑइल कमी आणि करपलेले, पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला, रॉड निळा पडलेला. मैदानाचे टोपीवाले व्यवस्थापक, माझे यजमान आणि आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. तेव्हा मात्र मी आतून सांगितले नाही, स्वतः काउंटरवर आले आणि म्हणाले, "पातळ ऑइल जळून गेलं. हिला कितीदा सांगितलं. हिच्या हातात पुन्हा इंजिन देणार नाही मी." टोपीवाल्याने ते पुढे चार ठिकाणी सांगितले. धाकटी दोन दुकानांत काम मागायला गेली, दोन्हीकडे तिला 'पातळ ऑइलवाली' म्हणून परत पाठवले. मग ती औषधांच्या कारखान्यात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिने बाटल्यांवर लेबले चिकटवली. सोळा वर्षे इंजिन उघडणारे हात ते.

मी ते बसलेले इंजिन फेकले नाही. काउंटरवर मांडले, त्याला 'पातळ ऑइलचा प्रताप' अशी चिठ्ठी लावली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तेरा वर्षे दाखवले.

नऊ वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक गवत कापायचे यंत्र घेऊन आले. इंजिन त्याच कंपनीचे, तीच बनावट. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक. मी काडी आटवून, म्हणजे आटे फिरवून घट्ट बसवून, ऑइल बघायला लागले तर ते म्हणाले, "बाई, यात लिहिलंय, काडी आटवू नये. नुसती तोंडावर टेकवावी आणि मग बघावी." मी त्यांना विचारले, "दुरुस्तीला पुस्तक आणलंय की यंत्र?" ते बिचारे वरमले आणि यंत्र, पुस्तक तिथेच ठेवून गेले. ते गेल्यावर मी पुस्तक उघडले. आयुष्यात वाचलेले ते पहिले पुस्तक. पान सतरा.

जुन्या इंजिनांत काडी आटवूनच मोजायची असे आणि मला तेवढेच ठाऊक होते. या इंजिनात ती आटवली की जास्त खोल बुडते आणि कमी ऑइलसुद्धा भरलेले दिसते. मी शटर ओढले आणि काउंटरवरच्या इंजिनात दोन्ही पद्धतींनी ऑइल भरून पाहिले. दोहोंतला फरक बरोबर दोन मापांचा निघाला. सपाटीवर तेवढ्याने कदाचित निभावले असते. उतारावर ऑइल एका बाजूला सरले आणि ते सगळीकडे उडवणारा आतला चमचा कोरडाच फिरत राहिला. धाकटीने बरोबर ऑइल निवडले होते आणि बरोबर भरले होते. मी ते काढून घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर निकाल द्यायला चोरच बसला होता.

आणि हे कळल्यावर मी काय केले? चिठ्ठी फाडली, इंजिन टेबलाखाली ढकलले आणि नऊ वर्षे गप्प बसले. ती बसने चाळीस मिनिटांवर राहते. वरच्या कलमांत मी ज्यांना मूर्ख ठरवले आहे ते मूर्खच आहेत, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण त्यांनी निदान स्वतःचीच यंत्रे बिघडवली. स्वतःची चूक समजल्यावरही ती सख्ख्या बहिणीच्या माथी राहू देणारी मी एकटी. त्या तेलवाल्याची भेसळ माझ्यापेक्षा प्रामाणिक, त्याची निदान सगळ्यांना माहीत असते. मला स्वतःची किळस येते आणि ती मी येथे पूर्ण शुद्धीत नोंदवत आहे.

या जागी पुढची ओळ होती: 'सबब माझे दुकान, पाटीसकट, मी माझ्या धाकट्या बहिणीला देते.' ती ओळ खोडली आहे. खोडणारी मीच, शेजारी माझी सही आहे. कारण पुढच्या कलमात.

कलम सहावे. यात कोणाला काही दिलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात असे कलम नसते. मी म्हटले, आता असेल.

गेल्या गुरुवारी वकीलबाईंनी धाकटीला दुकानात बोलावून घेतले. मी बोलावले असते तर ती आली नसती. केस सगळे पांढरे झाले आहेत, चष्मा लागला आहे. आपल्या जुन्या टेबलाकडे गेली नाही. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. वकीलबाई तिला फक्त पाचवे कलम दाखवणार होत्या. तिने सगळे कागद मागून घेतले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. खानावळवाल्याच्या ठिकाणी हसलीसुद्धा. मग पाचवे कलम पुन्हा वाचले.

"म्हणजे तुला नऊ वर्षांपूर्वी कळलं," ती म्हणाली.

"हो."

"मला यंत्र बसलं त्याच दिवशी कळलं होतं. टाकाऊ ऑइलच्या ट्रेमध्ये नवं ऑइल पडलेलं दिसलं. सगळं काळं आणि त्यात तेवढंच पिवळं. टेन-थर्टी आपण दुसऱ्या कशात भरतच नव्हतो."

मी म्हटले, "मग तेव्हाच बोलली का नाहीस गं?"

तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "बोलले की. इथेच, या काउंटरपाशी. 'ताई, तू ऑइल काढलंस का? ताई, ती काडी आटवायची नसते.' तीनदा बोलले. भावोजींनी ऐकलं, त्यांनी मान खाली घातली. त्या टोपीवाल्यानं ऐकलं. तू ऐकलं नाहीस."

गुरुवारपासून मी आठवून बघते आहे. मला त्या दिवसाचे बाकी सगळे आठवते. टोपीवाल्याने टोपी काढून कपाळ पुसले होते. यजमानांनी खरेच मान खाली घातली होती, आणि मला वाटले होते की त्यांना धाकटीची लाज वाटते आहे. माझे स्वतःचे प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. तिचा आवाज मात्र आठवत नाही, एक शब्दही नाही. ती खोटे बोलणारी नाही. म्हणजे ती माझ्यापासून तीन हातांवर उभी राहून तीनदा बोलली आणि माझ्या या नावाजलेल्या कानांत काही शिरले नाही.

मी म्हटले, "दुकान घे. तुझंच आहे ते."

"एक्केचाळिसाव्या वर्षी दिलं असतंस तर उडी मारून घेतलं असतं. आता मला उकिडवं बसता येत नाही." मग म्हणाली, "आणि दुकान दिलंस की तू सुटलीस. फिटलं म्हणशील. मला तुला सोडायचं नाहीये, ताई. लिहिलंयस ते सगळं राहू दे. दुकानाची ओळ तेवढी खोड."

वकीलबाईंनी घाईने सांगितले, "मावशी, ती ओळ खोडली तर दुकान उरल्यासुरल्यात जाईल. म्हणजे पुतण्याकडे. हवं तर दुसरं नाव घालू या." मी विचार केला. दुसरे नाव माझ्याकडे नव्हते, कधीच नव्हते. मी ओळ खोडली. एकडब्याला दुकान मिळेल, तो त्याला काचा लावील आणि ज्यात त्यात एकाच डब्यातले ऑइल ओतील. जसे माझे कर्म, तसा माझा वारस. फक्त माझ्या नावाची पाटी त्याने उतरवावी. ती तिथे राहण्याचा मला हक्क नाही.

सह्यांची वेळ आली. समोरचा कुलूपवाला आधीच येऊन बसला होता. दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर यायचे होते. ते आले नाहीत, त्यांची गाडी बंद पडली होती. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, म्हणून पुतणसून चालणार नाही, माळीबुवाही चालणार नाहीत.

धाकटीने विचारले, "मला तर आता काही मिळत नाही ना?"

वकीलबाईंनी कागद पाहिला. "नाही."

"मग मी करते. तेव्हाही बघणारी मीच होते. तेव्हा कोणी सही मागितली नाही."

त्या दिवशी मात्र मी सही केली नाही, पेन खाली ठेवून दिले. वकीलबाई म्हणाल्या, सोमवारी करू. मला वाटले होते धाकटी पुन्हा येणार नाही. आज ती वेळेच्या आधी आली, बाकावर बसली आणि सहावे कलम आत्ता वाचून तिने त्यातले एक वाक्य दुरुस्त करायला सांगितले. मी 'तीन हातांवर' लिहिले आहे. ती म्हणते, हातभरच अंतर होते. दुरुस्ती मला मान्य आहे.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते खरे आहे.

स्थळ: माझे दुकान, काउंटरची बाहेरची बाजू.
दिनांक: अकरा, सोमवार, दुकान बंद असण्याचा वार.

लिहून ठेवणारी: (सही)

आम्ही दोघांनी लिहून ठेवणारीला आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले आणि मग तिच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: समोरचा कुलूपवाला. (सही) यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही. त्यांनी मागितलेही नव्हते.

साक्षीदार दुसरी: लिहून ठेवणारीची धाकटी बहीण, धंदा इंजिन दुरुस्ती. (सही) हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.